"आपण टाकलं होतं का कुणाला?"

मनूस,

परवा शाळेत तुम्हाला कॅप्टन बॉयकॉट शिकवला. १८८० साल, इथलंच, आयर्लंडमधलं मेयो. मजूर त्याच्या शेतात कापणीला जाईनात, दुकानदार सामान देईनात. तू विचारलंस, याला मराठीत काय म्हणतात? मी "बहिष्कार" म्हणून मोकळा झालो. फोनवर आजी म्हणाली, "आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात." आणि तू लगेच, "आपण टाकलं होतं का कुणाला?" मी तुला जेवायला बसवलं.

बहिष्कार मालावर घालतात, मतदानावरही घालतात. वाळीत मात्र माणसालाच टाकतात, बहुतेकदा अख्ख्या घराला. बॉयकॉट जमीनदाराचा कारभारी होता, समोरची कुळं गरीब. आमच्या रायगडातल्या गावात उलट होतं. एकीकडे सगळा गाव, एकीकडे एक घर.

ते घर माझ्या मित्राचं. बांधावरून तंटा झाला, गावकीनं, म्हणजे गावच्या बैठकीनं, दंड सांगितला, त्याच्या बाबांनी भरला नाही. मग त्यांच्याशी बोलेल त्यालाही दंड. त्या शिमग्याला त्याच्या आईनं अंगण सारवून रांगोळी काढली होती, ओटीचं ताट घेऊन ती दारात उभी होती. ढोल वाजत राहिले, पालखी पुढे गेली. पालखीला खांदा भाऊआजोबांचा होता. मित्रानं मला हाक मारली. मी ऐकली, आणि चालत राहिलो.

आजोबांना वाईट म्हणवत नाही मला. लावणीला, लग्नाच्या मांडवाला, मयताला तोच गाव धावून यायचा. तो तुटला तर जगायचं कसं, ही त्यांची भीती खरी होती. पण मी नऊ वर्षांचा होतो. मला कोण दंड करणार होतं?

२०१६ मध्ये महाराष्ट्रानं याविरुद्ध कायदा केला, ३ वर्षांपर्यंत कैदेचा. रायगडातल्या अशा घरांच्या तक्रारींचा त्यात मोठा वाटा होता. बातमी वाचली तेव्हा मला ते ताट आठवलं.

तरीही शिमगा मला आवडतो रे. पालखी खांद्यावर नाचते ती तुला दाखवावीशी वाटते. आग्रह नाही, तुझं तू ठरव. आलास तर पालखीच्या आधी आपण त्या घरी जाऊ. तो माझ्याशी बोलेल की नाही, सांगता येत नाही.

तुझा,
बाबा