एकुलत्या एका आयफोनवर बीटा टाकावा का?

हिंजवडीत नोकरी, खिशात एकच आयफोन, त्यातच ऑफिसचा मेल, बँक आणि यूपीआय, आणि आयओएसचा (आयफोनच्या सिस्टीमचा) डेव्हलपर बीटा, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीची नव्या आवृत्तीची कच्ची चाचणी-प्रत, मात्र जूनमध्येच हवाय. माझं मत विचाराल तर त्या फोनवर नका टाकू.

बीटा किती चांगला चालतो हे सगळेच विचारतात. आधी परत कसं यायचं ते बघा. परतायचं तर फोन कॉम्प्युटरला जोडून पूर्ण पुसावा लागतो आणि मग जुनी आवृत्ती टाकायची, तीही ॲपल तिला परवानगी देत असेल तोवरच. खरी गोम पुढे आहे. बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. त्यामुळे बीटा टाकण्याआधी मॅकवर बॅकअप घेऊन तो 'आर्काइव्ह' करून ठेवा, नाहीतर पुढचा बॅकअप त्याच्यावरच बसतो आणि परतीचा रस्ता बंद. ॲपल वॉचवर तर बीटा नकोच. घरबसल्या मागे येण्याची सोयच नाही.

एवढं करून परत आलात तरी बँकेचं ॲप नव्याने सुरू करा, यूपीआयसाठी सिमवरून पुन्हा एसएमएस जाऊ द्या, हे सगळं आलंच. मंडईत भाजी घेऊन झाल्यावर हे उद्योग कोण करणार? ऑफिसच्या मेलबद्दल आयटीवाल्यांना आधी विचारा. काही कंपन्या बीटावरचा फोन आत घेतच नाहीत.

2023 पासून डेव्हलपर बीटा फुकट झाला, म्हणून ही घाई वाढलीय. आधी वर्षाला 99 डॉलर मोजावे लागत, तेव्हा हौशे आपोआप गळायचे. सर्वांसाठीचा पब्लिक बीटा साधारण जुलैत येतो, अंतिम आवृत्ती सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आगेमागे. तेवढं थांबायला काय हरकत आहे? घरात जुना फोन पडून असेल तर त्यावर खुशाल टाका, फक्त तो नव्या आवृत्तीत बसतो का ते बघून घ्या. आयओएस 26 ला किमान आयफोन 11 लागतो. स्वतःचं ॲप विकत असाल तर गोष्ट वेगळी, मग चाचणीसाठी दुसरा फोन घ्याच.

गूगलच्या पिक्सेल फोनवाल्यांनी अधेमधे बीटातून बाहेर पडू नये, फोन पुसला जातो. विंडोजवर 'रिलीज प्रिव्ह्यू' ही जवळपास तयार चाचणी-प्रत चालेल, सगळ्यात कच्च्या 'कॅनरी'च्या नादी लागू नका.

आणि तरीही टाकलाच, तर सप्टेंबरात अंतिम आवृत्ती आल्या आल्या सेटिंग्जमधलं 'बीटा अपडेट्स' बंद करा. नाहीतर लगेच पुढच्या .1 चा (त्यानंतरच्या छोट्या अपडेटचा) बीटा येऊन बसतो.