ग्राफीनवर बसून केमो थेट पेशीत जातो म्हणे, खरं का?

प्रश्न: नमस्कार सर, मी कोपरखैरणेची. माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर आहे, खारघरला ट्रीटमेंट चालू आहे, तो लाल रंगाचा केमो लागतोय, सुरू करायच्या आधी टूडी एको पण करून घेतली. आता सोसायटीच्या ग्रुपवर आलंय की ग्राफीनवर औषध चिकटवून थेट कॅन्सरच्या पेशीत सोडतात, साइड इफेक्ट झिरो. वाशीत एकजण ग्राफीनचे ड्रॉप्सही विकतो. घ्यायचे का?

उत्तर: ताई, ड्रॉप्स घेऊ नका, विषय संपला. पण ग्रुपवर आलंय ते सगळंच थाप नाहीये, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लाल औषध म्हणजे बहुतेक डॉक्सोरुबिसिन. ते गाठीपुरतं थांबत नाही, रक्तातून अंगभर फिरतं, हृदयाच्या स्नायूलाही बाधतं, म्हणून ती एको. ग्राफीन म्हणजे कार्बनचा फक्त एका अणूच्या जाडीचा थर, २००४ साली मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी चक्क चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून काढला आणि २०१० ला फिजिक्सचं नोबेल घेतलं. औषधासाठी त्याचा भाऊ वापरतात, ग्राफीन ऑक्साइड, कारण तो पाण्यात मिसळतो. डॉक्सोरुबिसिनच्या रेणूत सपाट कडी असतात, थरही सपाट, त्यामुळे औषध त्याच्या दोन्ही अंगांना नुसतं चिकटून बसतं, पक्का बंध नसतो. पेशी हा तुकडा आपल्याच पडद्याच्या पिशवीत गुंडाळून आत ओढते, मग ती पिशवी आंबट होत जाते, रक्ताचा पीएच (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ७.४ तर तिथला ५ च्या आसपास, आणि त्या आंबटपणात औषधाची पकड सुटते. भारी आहे ना? स्टॅनफर्डच्या लोकांनी २००८ मध्येच पाण्यात न विरघळणारं एक कॅन्सरचं औषध असं पेशींत पोचवून दाखवलं होतं.

पण ते काचेच्या डिशमधल्या पेशींत. माणसाच्या अंगात खरी बोंब पेशीच्या दारापर्यंत पोचायचीच आहे. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की टोचलेल्या नॅनोकणांपैकी, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या अशा अतिबारीक कणांपैकी, मध्यम हिशेबाने जेमतेम ०.७ टक्के गाठीत पोचतात, बाकीचे बरेचसे लिव्हर आणि प्लीहेत अडकतात. शिवाय ग्राफीन शरीरात सहज विरघळून जात नाही, मग ते साठून राहिलं तर काय, हा प्रश्न आहेच. त्यामुळे कॅन्सरसाठी ग्राफीनचं मंजूर औषध आजतरी नाही, मग तो वाशीवाला बाटलीत काय भरतो देव जाणे.

नॅनोचं खरंखुरं औषध हवंच असेल तर लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन आहे, तेच औषध चरबीच्या बारीक फुग्यात भरलेलं, अमेरिकेत १९९५ पासून मंजूर, आपल्याकडेही मिळतं. हृदयाला त्रास कमी, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, म्हणजे झिरो साइड इफेक्ट तिथेही नाहीच. मावशीच्या केसमध्ये ते बसतं का हे पुढच्या ओपीडीला डॉक्टरांनाच विचारा. आणि ड्रॉप्स आधीच पोटात गेले असतील तर लाजू नका, बाटलीच्या लेबलचा फोटो घेऊन जा, पुढच्या केमोच्या आधी त्यांना ते कळायलाच हवं.