रीइन्स्टॉल करूनही फाइल परत येईना

प्रश्न : आमच्या वाचनालयाची वेबसाइट उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या अपाची या वेब सर्व्हरवर चालते. भाच्याने साफसफाई करताना अपाचीच्या काही कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइल्स उडवल्या. अपाची रीइन्स्टॉल केला, तरी त्या आल्या नाहीत. – एक ग्रंथपाल, खानापूर

उत्तर : अक्का, भाच्याला रागवायचं ते नंतर. आधी 'ईटीसी' या सेटिंग ठेवायच्या फोल्डरमधल्या अपाचीच्या फोल्डरची जशी आहे तशी कॉपी काढा.

उबुंटूत पॅकेज बसवण्याचं काम 'डीपीकेजी' करतो. कॉन्फिग फाइल दिसली नाही, तर मालकाने ती मुद्दाम काढली असं तो धरतो आणि रीइन्स्टॉलमध्येही ती परत ठेवत नाही. मला हा शहाणपणा पटतो. सरकारी सर्व्हेअरसुद्धा इतका मालकाचा मान राखत नाही! म्हणून रीइन्स्टॉलच्या आज्ञेत डीपीकेजीसाठी 'फोर्स-कॉन्फमिस' हा पर्याय जोडा. गेलेल्या फाइल्स तेवढ्या येतील, उरलेल्यांना धक्का लागणार नाही. एखादी फाइल बदलून बिघडली असेल, तर तिला दुसरीकडे हलवून हेच करा.

कुणी 'पर्ज करून (म्हणजे सेटिंगसकट काढून) नव्याने बसव' म्हणालं, तर ऐकू नका. पर्जमध्ये शाबूत असलेली कॉन्फिगही जाते.

मात्र वाचनालयाच्या साइटसाठी कुणी हाताने लिहिलेली फाइल पॅकेजमध्ये नसतेच. ती जुन्या बॅकअपमधूनच काढावी लागेल, नाहीतर परत लिहावी लागेल. मग 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट' ही कॉन्फिग तपासणारी आज्ञा चालवा. 'सिंटॅक्स ओके' आलं, की सर्व्हर रीलोड करा.