कुत्र्याचं खाणं निवडताना पाकीट उलटं करून वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार महिन्यांची लॅब्राडोर मादी, वजन १३ किलो. घरात मांसमच्छी शिजत नाही, पण पाकिटातलं चालेल. ब्रीडरने दूध-पोळी आणि वर कॅल्शियमचं सिरप सांगितलंय. दुकानदार ‘ग्रेन-फ्री’ची, म्हणजे धान्य नसलेल्या खाण्याची, महागडी पिशवी गळ्यात मारतोय. आणि शेजारचे काका म्हणतायत, गावाकडच्या आमच्या कुत्र्यांनी जन्मभर भाकरी खाल्ली, त्यांना काय झालं? तर कोणता ब्रँड घ्यावा?

ब्रँड मी सांगत नाही. एकच कंपनी स्वस्त, मधलं आणि भारी अशी तीन-तीन तऱ्हेची पाकिटं काढते, त्यात पुन्हा पिल्लाचं वेगळं, मोठ्या कुत्र्याचं वेगळं. नाव सांगितलं की माणूस त्या नावाचं भलतंच पाकीट घेऊन येतो. आपल्याकडे तर कुठल्याही सुक्या दाण्यांना पेडिग्रीच म्हणतात, वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे तसं.

पण सगळ्याआधी ते सिरप. हे मी पोटतिडकीने लिहितेय, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हाच किस्सा घेऊन येतं. मोठ्या माणसाला कॅल्शियम जास्त झालं तर आतडं ते कमी शोषून घेतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हे नीट जमत नाही. पोटात गेलेल्यातलं बरंचसं थेट शरीरात शिरतं. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत त्याने हाडं आणि सांध्यातली कूर्चा बिघडते. पिल्लाच्या चांगल्या खाण्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं, वर सिरप म्हणजे दुप्पट. आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर दूध-पोळीच देतोय. बरोबर, आणि त्या खाण्याला खरंच ठिगळ लागतं. पण ठिगळ अंदाजाने लावण्यापेक्षा कापड बदला. पिल्लाचं पूर्ण खाणं सुरू केलंत की सिरपचं काय करायचं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ‘ताकदीसाठी’ हे कारण पुरेसं धरू नका.

काकांच्या भाकरीबद्दल. गावातलं कुत्रं भाकरीवर जगतं असं आपल्याला दिसतं, कारण भाकरी आपण टाकतो. बाकीचं ते आपलं आपण मिळवतं: उंदीर, खाटकामागची आतडी, मेलेलं जनावर, आणि जे लिहायला नको ते. शिवाय कुत्री सात पिल्लं देते त्यातली वर्षभराने किती उरतात, हे कुणी मोजत नाही. तरीही काका निम्मे बरोबर आहेत. कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्याहून कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उकिरड्याशेजारी हजारो वर्षं राहिल्याचा हा परिणाम. म्हणजे शिजवलेला भात, गहू, मका कुत्र्याला पचतो. धान्य हे त्याचं विष नाही.

म्हणूनच त्या ग्रेन-फ्री पिशवीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. धान्य काढलं की दाण्याचा आकार धरून ठेवायला दुसरं पीठ लागतंच, मग तिथे वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा येतो. २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाण्याचा आणि हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या आजाराचा संबंध आहे का, याचा तपास सुरू केला. हेच कारण, असं अजून सिद्ध झालेलं नाही. पण ज्याचा फायदा कुणी दाखवलेला नाही आणि ज्यावर शंका आहे, त्याला दीडपट पैसे कशाला? धान्याची खरीखुरी ॲलर्जी असलेली कुत्री असतात, पण थोडी. खाज सुटणाऱ्या बहुतेकांची भानगड पिसवा, गोचीड, धूळ-परागकणांची ॲलर्जी नाहीतर चिकन-बीफसारख्या प्रथिनाची निघते.

आता पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला ‘रिअल चिकन’, ‘प्रीमियम’, ‘होलिस्टिक’ काय वाट्टेल ते असू दे, मागे बारीक अक्षरात एक वाक्य शोधा: हे खाणं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आहे आणि ते कुठल्या वयासाठी. ‘आफ्को’ हे अमेरिकन संस्थेचं नाव किंवा ‘फेडियाफ’ हे युरोपातलं, यापैकी एकाचा उल्लेख असतो. तुमच्या पिल्लासाठी तिथे ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ हवं. नुसतं ‘मेंटेनन्स’ असेल तर ते मोठ्या कुत्र्याचं. आणि मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी चालेल असं वेगळं लिहिलेलं असेल तर फारच उत्तम, कारण आफ्कोच्या निकषात त्यांच्यासाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या वजनाच्या (म्हणजे ओलावा वगळून उरतं त्याच्या) १.८ टक्के आहे, इतरांना २.५ चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांवर हे वाक्य नसतंच. मग कंपनीला सरळ मेल टाका: कॅल्शियम किती टक्के, १०० ग्रॅमला किती कॅलरी, आणि हे सूत्र कुणी बसवलं. दोन दिवसांत आकड्यांसकट उत्तर येतं की ‘आमचं प्रॉडक्ट अत्यंत पौष्टिक आहे’ एवढंच येतं, यावरून बरंच कळतं.

घटकांच्या यादीवर लोक तासन्‌तास भांडतात. यादी कच्च्या वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणून ते पहिल्या नंबरावर दिसतं. दाणा भाजून सुकला की तेच चिकन खाली घसरतं. उलट ‘चिकन मील’ वाचून लोक नाक मुरडतात, पण ते पाणी उडवलेलं चिकनच, त्यात प्रथिन जास्त भरतं. तेव्हा यादी बघा, पण त्यावर जीव टाकू नका.

‘क्रूड प्रोटीन’च्या आकड्याचंही तसंच. तो आकडा नायट्रोजन मोजून काढतात, प्रथिन मोजून नाही. २००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन सापडलं ते याचमुळे: चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ते मिसळलेलं होतं, चाचणीत प्रथिन भरपूर दिसत होतं आणि जनावरांचे मूत्रपिंड निकामी होत होते. आकडा बघाच, पण तुलना कोरड्या वजनावर करा. सुक्या दाण्यात प्रथिन २४ आणि ओलावा १० टक्के असेल तर २४ भागिले ९०, म्हणजे साधारण २७ टक्के. ग्रेव्हीच्या पाऊचवर ८ टक्के बघून तुम्ही ते खाली ठेवाल, पण त्यात ओलावा ८२ असेल तर ८ भागिले १८, म्हणजे ४४ टक्के. पिल्लाला कोरड्या वजनावर किमान २२.५ लागतं, मोठ्या कुत्र्याला १८.

इथपर्यंत सगळे वाचतात. पुढचं कुणी ऐकत नाही, आणि लॅबच्या बाबतीत तेच सगळ्यात मोठं: किती घालायचं.

माझा आधीचा लॅब ४१ किलोचा झाला होता. खाणं उत्तम, पाकीट भारीतलं. माप होतं लोणच्याच्या बरणीचं झाकण, आणि ते सकाळी मी भरायचे, संध्याकाळी सासूबाई शिगोशीग भरायच्या, मधे मुलगी येऊन ‘त्याला भूक लागलीय’ म्हणायची. आठव्या वर्षी त्याला जिना चढवेना. डॉक्टरांनी बरगड्यांवर हात ठेवून मला विचारलं, ‘तुम्हाला लागतायत का हाताला?’ मला लागत नव्हत्या. तेव्हापासून घरात दाणे काट्यावर मोजले जातात, आणि काटा कुत्र्याच्या नावाचा आहे.

लॅबच्या भुकेवर विश्वास ठेवूच नका. २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की साधारण दर चार लॅबमागे एकात एका जनुकाचा तुकडाच गायब असतो, आणि त्यामुळे त्याला पोट भरल्याचं नीट कळत नाही. डोळे लावून बसलेलं ते ध्यान नाटकी नसतं, त्याला खरंच तसं वाटतं. दुसरा अभ्यास याहून बोलका. ४८ लॅब पिल्लं, जोड्या लावलेली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं सरासरी आयुष्य जवळजवळ १.८ वर्षांनी जास्त भरलं आणि सांधेदुखी उशिरा आली. खाणं दोन्हीकडे एकच होतं. ब्रँड बदलून दोन वर्षं विकत मिळत नाहीत.

हिशेब असा. वजनाचा ०.७५ घात, त्याला ७० ने गुणायचं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. १३ किलोला साधारण ४८० कॅलरी येतात. चार महिन्यांच्या पिल्लाला त्याच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे हजारेक. पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० कॅलरी असतील तर दिवसाला २६० ग्रॅम, तीन वेळांत वाटून. हा फक्त सुरुवातीचा आकडा. दर आठवड्याला वजन घ्या (तिला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजा करायचं, हे फार दिवस जमणार नाही, लॅब आहे) आणि बरगड्या चाचपा. हलक्या हाताने लागल्या पाहिजेत, नुसत्या डोळ्यांना उठून दिसता कामा नयेत. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसावी. गोंडस गुबगुबीत पिल्लू मोठ्या जातीत चांगलं नसतं, वाढ सावकाशच हवी.

किंमतसुद्धा किलोवर बघू नका, कॅलरीवर बघा. स्वस्त दाणे १०० ग्रॅमला ३२० कॅलरीचे असले तर जास्त घालावे लागतात, शी ढीगभर होते, आणि महिनाअखेर फरक वाटतो तेवढा राहत नाही.

घरचं काय द्यायचं? दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिस्स्यापर्यंत काहीही साधं: दोन चमचे दही, उकडलेलं गाजर, लाल भोपळा, चालत असेल तर अंडं. दूध सोसत नसेल तर लगेच कळेल, अंगण सांगेल. फोडणीचं वरण नको, कांदा-लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक. गणपतीत शिऱ्यातले बेदाणे लक्षात ठेवा. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी मूत्रपिंड बंद पडू शकतं आणि किती खाल्ल्यावर, याचा नेम नाही. ज्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) असतं त्या शुगर-फ्री गोळ्या पर्समध्ये असतील तर पर्स वर ठेवा. ग्लुकोजची बिस्किटं तर सगळेच देतात. दोन दिली तर आभाळ कोसळत नाही, पण ती खाणं नव्हेत.

पूर्ण घरचंच करायचं असेल तर ते आहारतज्ज्ञ पशुवैद्याकडून लिहून घ्या. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठाने पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० पाककृती तपासल्या, त्यात ९५ टक्के पाककृतींत कशा ना कशाची कमतरता निघाली. नुसतं चिकन-भातही यातच येतं. मांसात फॉस्फरस ढीगभर आणि कॅल्शियम नावाला, पिल्लाची हाडं वाकतात. सगळं शाकाहारी द्यायचं म्हटलं तर मोठ्या कुत्र्याला नीट बसवलेल्या सूत्रावर ते जमू शकतं, पण वाढत्या पिल्लावर हा प्रयोग मी करणार नाही.

आणि सुटे दाणे घेऊ नका. दुकानात उघड्या पोत्यातून किलोवर मिळतात ते. तारीख नाही, बॅच नाही, वरची चरबी खवट झालेली. पावसाळ्यात तर बुरशी, आणि मक्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष शिजवूनही जात नाही, यकृत खातं. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत बंद पाकिटातल्या खाण्यातही ते निघालं आणि कुत्री दगावली. मग उघड्या पोत्याची काय कथा. जून ते सप्टेंबर २० किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून आणू नका, तीन-चार आठवड्यांत संपेल एवढंच आणा. दाणे डब्यात ओतायचे नाहीत, पिशवीसकट डब्यात ठेवायचे. डब्याच्या तळाची जुनी चरबी नव्याला लागत नाही आणि बॅच नंबर हाताशी राहतो.

बदल आठ-दहा दिवसांत करा. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या. दोन दिवसांत थांबली नाही, किंवा पिल्लू मलूल दिसलं, तर खाण्याला दोष देत बसू नका, शीचा नमुना घेऊन दवाखान्यात जा. या वयात जंत आणि पार्व्हो (पिल्लांना जुलाब-उलट्यांनी खचवणारा विषाणूचा आजार) आधी आठवायचे. लशी पूर्ण झाल्यात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, आणि पाकीट आणलंत की पुढचा नको, मागच्या बाजूचा फोटो टाका.