‘आई, मराठीत बोल ना’

पत्र मोठं होतं, थोडक्यात देते:

“अक्का, नमस्कार. माझं माहेर सोलापूरच्या पूर्वभागातलं, पद्मशाली. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळा मराठी. लग्न मराठी घरात केलं, राहते जुळे सोलापुरात. गेल्या महिन्यात लेकीला चार वर्षं झाली. वाढदिवसाला आई पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा घेऊन आली. सगळ्यांसमोर नातीला तेलुगूत काहीतरी म्हणाली, आणि मी पटकन बोलून गेले, ‘आई, मराठीत बोल ना.’ लगेच लेक म्हणाली, ‘अव्वा, नीट बोल!’ सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हापासून आई आलेली नाही, गुडघे दुखतात म्हणते. सासरी मी अजून ‘त्यांच्यातली’ आणि माहेरी काकांनी लग्नालाच पाठ फिरवली. हिशेब मात्र अजून मनात ओकटी, रेंडू, मूडू असाच होतो. मी नक्की कोण, तेलुगू की मराठी? मुलीला काय म्हणून वाढवू? ती भाषांच्या गोंधळात पडेल का? अम्मा फोनवरही फार बोलत नाही.”

बाळ, सबंध पत्रात तू तिला ‘आई’ म्हटलंयस आणि अगदी शेवटी, हात घसरावा तशी, ‘अम्मा’ आलीय. मी तिथेच थांबले बराच वेळ.

आधी गुडघ्यांचं. दुखत असतीलच. मांडीवर सूप घेऊन उभा जन्म तेंदूची पानं कातरलेल्या बाईचे गुडघे दुखायचेच. पण नातीकडे यायला ते चार वर्षांत कधी आड आले नव्हते ना?

आता तू हसलीस त्याबद्दल. मी तुला रागावणार नाही, कारण मी याहून वाईट केलंय. आमच्या घरी कन्नड, गाव अक्कलकोटकडचं. सोलापुरात कॉलेजला होते तेव्हा अप्पा हॉस्टेलच्या फाटकावर आले, धोतर, हातात भाकरीचं गाठोडं, आणि लांबूनच मोठ्यानं, “ऊटा आयता?” जेवलीस का. मैत्रिणींनी विचारलं कोण गं, तर मी म्हटलं, गावाकडचे ओळखीचे आहेत. अप्पांना मराठी छान समजायचं.

असं का होतं माणसाचं? हेन्री ताजफेल नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता. पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत पडला आणि आपण पोलंडचे हे लपवून जगला. घरचे लोक त्यानं नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात गमावले. पुढे इंग्लंडात ब्रिस्टलच्या शाळकरी पोरांवर त्यानं प्रयोग केला, तो १९७१ मध्ये छापून आला. पोरांना सांगितलं, तुम्हाला अमुक चित्रकार आवडला म्हणून तुम्ही या गटात, तुम्ही त्या. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्या गटात नेमकं कोण आहे हे कुणालाच ठाऊक नसताना. ‘आपण’ आणि ‘ते’ व्हायला एवढंसं पुरतं. तुझ्या हॉलमध्ये तर केक होता, इंग्रजी शाळेतल्या चार आया होत्या आणि तुला त्यांच्यातली एक व्हायचं होतं.

पण ती हौस तुझ्या रक्तातली नाही, कुठेतरी शिकलेली आहे. पत्रात तू लिहिलंयस की चौथीत कुणीतरी तुझ्या ‘ळ’ला हसलं होतं. (ते मी वर दिलं नाही.) तुझ्या लेकीनं ‘नीट बोल’ कुठून उचललं ते आता मी सांगायला नको.

मुलं किती लवकर उचलतात बघ. आपल्याला ‘ट’ आणि ‘त’ यांतला फरक लख्ख कळतो, इंग्रजी कानाला कळत नाही. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांनाही हिंदीतला हा फरक ओळखता येतो, पण वर्षाची होत आली की बहुतेकांना येईनासा होतो. घरात जे ऐकू येत नाही ते कान सोडून देतो. गोंधळाची भीती मात्र काढून टाक. दोन-तीन भाषा एकदम कानावर पडल्यानं पोरं बिघडत नाहीत. सुरुवातीला एका वाक्यात दोन्हीकडचे शब्द घालतात, एवढंच. ते तर अख्खं सोलापूर करतं.

आणि कुठल्या गावात बसून तू विचारतेस गं, तेलुगू की मराठी? आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांची वचनं कन्नडात. गड्ड्याच्या यात्रेत अक्षता टाकताना शेजारच्याची घरची भाषा कुणी विचारत नाही. चादरीनं गावाचं नाव केलं, ती विणणाऱ्या कितीतरी घरांत माग तेलुगूत चालला. तू मला ‘अक्का’ म्हणालीस ना? तो शब्द तुझ्याकडे आहे, माझ्याकडे आहे आणि तुझ्या सासूबाईंकडेही.

काकांचं वेगळं. माहेरचं जपायचं म्हणजे त्यांचा रुसवाही जपायचा, असं काही नाही. ज्या घरानं तुला मोजायला शिकवलं त्याच घरानं कुणाशी लग्न करायचं नाही हेही शिकवलं होतं. पहिलं ठेव, दुसरं तू टाकलंसच आहेस.

मुलीला ‘काय म्हणून’ वाढवू हे विचारणं सोड. तिच्या कानावर काय पडतं ते बघ. भाद्रपद अमावास्येला बतुकम्मा, तुमचा तो फुलांचा सण, सुरू होईल, तिला पूर्वभागात घेऊन जा. सकाळी अव्वाबरोबर फुलं आणायला पाठव. तंगेडू म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे कुरडू, ही नावं तिला अव्वाच्या तोंडून कळू देत. त्याच सुमाराला तुमच्या कॉलनीत भोंडला असेल, तिथेही ने. इथे फुलांभोवती फेर, तिथे पाटावरच्या हत्तीभोवती. पोरगी दोन्हीकडे नाचेल, आणि कुठली गाणी कुठली हे तिचं तिला कळेल.

पण तोवर थांबू नकोस, या रविवारीच जा. माफीचं भाषण करू नकोस, त्यानं अम्माच अवघडेल. खाली बसकरावर तिच्या शेजारी बस, लेकीला मध्ये बसव आणि तेलुगूत बोलायला तू सुरुवात कर, मोडकंतोडकं का होईना. लेक हसली तर हसू दे. यावेळी तू हसू नकोस.

तो पुलिहोऱ्याचा डबा अजून तुझ्याकडेच असणार. तोच परत द्यायच्या निमित्तानं जा. रिकामा नेऊ नकोस, चार शेंगापोळ्या घाल त्यात.

— अक्का