तुमचे प्रश्न: कॉलेज, काम आणि रिकामे रकाने

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाची आहेत, शिकता शिकता काम करावं का आणि केलंच तर त्याचा शिक्षणाशी काही संबंध लागतो का. त्यातली तीन घेतोय.

प्रश्न: मी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी लेक्चर्स आणि दुपारनंतर एका ऑफिसात पार्टटाइम डेटा एंट्री. ग्राहकांनी भरलेले कागदी फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे, वयाचा रकाना रिकामा असला तर शून्य टाकायचं, असं सिनियरने सांगितलंय. नुसतं टायपिंग, शिकण्यासारखं काहीच नाही, आणि अभ्यास मागे पडतोय तो वेगळाच. मित्र म्हणतात सीव्हीवर अनुभव दिसतो, सोडू नकोस. काय करू?

उत्तर: अरे, शिकण्यासारखं काही नाही म्हणतोस आणि त्याच पत्रात शून्याचा किस्सा लिहून मोकळा होतोस! समज दहा जणांचं वय ४० आहे आणि दोघांचे रकाने रिकामे आहेत. तू तिथे शून्य टाकलंस की सरासरी ४० वरून थेट ३३ च्या आसपास येते, आणि उद्या कुणीतरी मीटिंगमध्ये तोच आकडा दाखवून सांगणार की बघा, आपला ग्राहक तरुण आहे. कुणी खोटं बोललेलं नाही, तरी निर्णय चुकला.

खरी गंमत याच्या पुढे आहे. ते रकाने रिकामे का राहिले? फोनवरून घेतलेल्या फॉर्मांमध्ये वय विचारायचंच राहून जातं का, की ठराविक वयाची माणसंच वय सांगायला टाळतात? पहिलं असेल तर उपाय वेगळा, दुसरं असेल तर फारच वेगळा, कारण मग उरलेल्या फॉर्मांची सरासरीसुद्धा फसवी असते. डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७६ साली नेमकं हेच मांडलं, की माहिती कशामुळे गायब आहे ते बघितल्याशिवाय पुढचं गणित करता येत नाही. वर्गात हे शिकवतात तेव्हा डेटा बहुतेक वेळा धुऊनपुसून हातात दिलेला असतो, त्यामुळे पोरांना धडा पाठ होतो पण पटत नाही. तुझ्यासमोर तर फॉर्मांचा ढीग पडलाय.

मग आता एवढंच कर की टाइप करताना जे खटकेल ते एका वहीत एका ओळीत लिहीत जा, एकाच माणसाचं नाव तीन स्पेलिंगने आलं, तारखेत महिना आधी की दिवस आधी कळेना, असलं काहीही. आठवड्याने त्यातला एक प्रश्न घेऊन तुमच्या सरांना किंवा मॅडमना गाठ, फक्त ग्राहकांची नावं-नंबर वहीत उतरवू नकोस आणि ऑफिसची फाइल तर बाहेर नेऊच नकोस. सिनियरलाही विचार की रिकामं ते रिकामंच ठेवलं तर चालेल का, पण विचार हं, शिकवायला जाऊ नकोस. कधीकधी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना रिकामा सोडताच येत नाही, आणि मग तुला आणखी एक गोष्ट कळली की नाही!

राहिलं वेळेचं. युरोपातल्या विद्यापीठांच्या क्रेडिट पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास, म्हणजे वर्षाचे १,५०० ते १,८०० तास झाले. पूर्णवेळ शिक्षण हीच एक नोकरी आहे रे, त्यावर तू दुसरी घेतलीयस. परीक्षेच्या आधी तास कमी करून मिळतील का ते आत्ताच विचारून ठेव, ऐन वेळी नको. देत नसतील तर सोड, खुशाल सोड. आणि सीव्हीचं म्हणशील तर "डेटा एंट्री केली" या ओळीला मुलाखतीत कुणी विचारत नाही, रिकाम्या रकान्यांचं काय केलंस ते सांगितलंस तर समोरचा खुर्चीत पुढे सरकून ऐकेल.

प्रश्न: माझ्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या कोर्समध्ये सहा महिने कंपनीत काम करणं कम्पल्सरी आहे. ती सांगते की तिथे तिला कुणी काम देत नाही, झेरॉक्स काढायच्या नाहीतर मोबाइल बघत बसायचं. आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. हे नवीन फॅड आहे का?

उत्तर: नाही ताई, फॅड म्हणावं तर शंभर वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये इंजिनिअरिंगची २७ मुलं घेऊन हे सुरू केलं, एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७ मध्ये सुरू झालं तेच ही पद्धत घेऊन. कल्पना चांगलीच आहे, बिघडतं ते कंपनीत पोर पाठवली आणि कॉलेजने हात झटकले की.

मुलीला म्हणावं, कॉलेजने नेमलेल्या गाइडना आजच ईमेल टाक, फोन नको, लेखी असू दे. तक्रारीचा सूर नको, सरळ लिही की आत्तापर्यंत ही-ही कामं मिळाली, कोर्समध्ये ही शिकायची आहेत, या दोन्हींचा मेळ घालून द्याल का. कंपनीत तिचा एक ठरलेला माणूस हवा जो आठवड्यातून अर्धा तास तरी तिच्याशी बोलेल. तोच नसेल तर मोठ्या नावाच्या कंपनीचाही काही फायदा नाही, माझं मत विचाराल तर लहान जागी जिथे माणूस शिकवतो तिथे गेलेलं बरं. आणि तुम्ही स्वतः कंपनीत फोन करू नका बरं का, तिला तिथे रोज जायचंय!

प्रश्न: दहा वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी करतोय, आता संध्याकाळच्या वर्गांना जाऊन डिग्री पूर्ण करायचीय. अनुभवाचे मार्क मिळतात का? आणि प्रोजेक्ट ऑफिसच्या आकड्यांवर केला तर?

उत्तर: काही विद्यापीठं आधीच्या कामाचे क्रेडिट देतात, पण नुसती वर्षं मोजून नाही. तुम्ही काय-काय करू शकता याचा पुरावा लागतो, केलेल्या कामाचे नमुने, वरिष्ठांचं पत्र, कधी एखादी परीक्षा. फी भरायच्या आधी लेखी विचारा, नंतर कुणी ऐकून घेत नाही. प्रोजेक्टसाठी ऑफिसची लेखी परवानगी घ्या, तोंडी हो म्हणणारे साहेब बदलून जातात आणि नवीन साहेब प्रोजेक्ट सबमिट करायच्या आठवड्यात नाही म्हणतात. पार्टींची नावं काढून टाका, आकडेही गरज असेल तिथे टक्क्यांत द्या. विषय निवडताना मात्र रोज ज्या कामात डोकं फिरतं तोच घ्या, उधारी वसूल व्हायला उशीर का होतो असला काहीतरी, म्हणजे रात्री थकून आल्यावरही वही उघडावीशी वाटेल.