मुलांना गोष्टीचा क्लायमॅक्स लिहायला कसं शिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चौथीत आहे, गोष्टीची सुरुवात मस्त करते पण ऐन रंगात आली की दोन ओळींत गुंडाळून टाकते. मी मुलांचे गोष्टी लिहायचे वर्ग घेते, तिथे बहुतेक मुलांचं हेच होतं. शाळेत मुद्द्यांवरून कथा लिहायची सवय लागलेली असते, शेवटचा मुद्दा आला की तात्पर्य लिहून मोकळं व्हायचं, मग रेंगाळायचं कुठे हे कळणार कसं?

व्याख्या वगैरे सांगूच नका. तिला चिऊकाऊची गोष्ट आठवायला सांगा. काऊचं शेणाचं घर वाहून गेलंय, तो भर पावसात दार वाजवतोय आणि आतून चिऊताई म्हणते थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. दार उघडायला कितीसा वेळ लागतो, पण तिथेच गोष्ट केवढी लांबते बघा आणि पोरं कान टवकारून ऐकतात. जिथे पुढे काय झालं हे सांगायची सगळ्यात घाई होते तिथेच सावकाश लिहायचं, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

मग तिचीच वही घ्या. मुलं साधारण असं लिहितात, "वाघ आला. राजू घाबरला. मग फॉरेस्टवाले आले आणि वाघाला पकडून नेलं." हे खोडू नका, फक्त विचारत जा. वाघ किती लांब होता? आवाज कसला येत होता? राजूच्या हातात काय होतं? टॉर्च? चालू की बंद? आणि मग कधीतरी "राजूने टॉर्च बंद केला" असं वाक्य येतं ना, तिथे खरा क्लायमॅक्स सापडला, कारण राजूने स्वतः काहीतरी ठरवलं. फॉरेस्टवाल्यांनी, पोलिसांनी किंवा "तेवढ्यात मला जाग आली" ने सुटका केली की वाचणाऱ्याचा हिरमोड होतो.

फक्त तो टॉर्च आयत्या वेळी उगवायला नको. भोपळ्यातल्या म्हातारीने जातानाच वाघाला शब्द दिलेला असतो, लेकीकडे जाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा, म्हणून तर परतीच्या वाटेवर वाघ दिसला की पोरांचा जीव टांगणीला लागतो. त्यामुळे क्लायमॅक्स लिहून झाला की मुलीला परत पहिल्या पानावर पाठवा आणि राजूच्या दप्तरात टॉर्च ठेवायला सांगा, हे मुलांना फार आवडतं. आणि प्लीज, स्वतः वाक्यं सुचवू नका, मुलं लगेच तुमचंच वाक्य उचलतात.